एकदम दमाने

थंडी आली की आमच्या रहाटणीत सगळ्यात आधी कंपनीच्या बसच्या काचा बंद होतात. एरवी सकाळी चौकात बस थांबली की आतल्या गप्पा आणि कुणाच्या तरी मोबाइलमधली गाणी रस्त्यावर सांडत असतात. थंडीत मात्र ओलसर काचेला डोकं टेकून झोपलेली माणसं तेवढी दिसतात, सगळी माकडटोपीतली, त्यामुळे सगळी एकाच घरातली वाटणारी. वॉचमन पुठ्ठे पेटवून शेकत बसतो आणि त्या धुराचा वास आमच्या जिन्यापर्यंत चढतो. पवनेकडून धुकं येतं. धुक्याबरोबर नदीचाही वास येतो, आणि त्याबद्दल गप्प राहिलेलंच बरं.

यंदा स्वेटर काढायला ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला आणि माझा हात आपोआप मानेमागे गेला. काही वर्षांपूर्वीची एक थंडी त्या हाताला माझ्याआधी आठवली होती. त्या थंडीत मी चालायला शिकले. चाळिशीत चालायला शिकले म्हटलं की लोक हसतात, म्हणून मी ते फारसं कुणाला सांगत नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत रबरी रिंगा तपासते. रिंग दिव्याखाली धरायची, बोटांत फिरवायची, चीर दिसली की लाल ट्रेमध्ये टाकायची. डोळ्यांना काम आणि बाकीच्या देहाला सुट्टी. त्या वर्षी कंपनीने केलेल्या आरोग्य तपासणीत माझ्या रक्ताचं काहीतरी लाल ट्रेमध्ये टाकण्यासारखं निघालं, आणि कागद घेऊन मी घराजवळच्या दवाखान्यात गेले. बरोबर आमचे हे होते. डॉक्टर तरुण होते, मूळचे कानपूरकडचे, पण पेशंटशी मराठीतच बोलायचं असा त्यांचा हट्ट. त्यांनी कागद बाजूला ठेवला, मला मान वळवायला सांगितली आणि म्हणाले, "ताई, हा मळ नाही आहे."

माझी मान मागून काळी. शाळेत असल्यापासून काळी. उदगीरला आमच्या मोरीत आई मला पाटावर बसवायची आणि डाळीचं पीठ, लिंबाची साल असं सगळं करून शेवटी टाचा घासायची वजरी हातात घ्यायची. बघायला पाहुणे यायचे असले की त्या दिवशी जरा जास्तच जोर. मान लालभडक व्हायची, रात्री उशीला टेकवत नसे, आणि चार दिवसांनी पुन्हा होती तशी. "नीट अंघोळ करत जा गं माय, लोक काय म्हणतील?" असं आई म्हणायची आणि मला खरंच वाटायचं की मला अंघोळ करता येत नाही. लग्नानंतर वजरी मी स्वतःच चालवली. आणि आता हा कालचा पोरगा सांगत होता की ते आतून आलेलं आहे, घासून जाणार नाही, कधीच जाणार नव्हतं.

मला राग आला. इतका आला की कान गरम झाले. पण रागवायचं कुणावर? आईची स्वतःची मान माझ्यापेक्षा काळी होती आणि ती तेव्हा रोज पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेत होती. पायाची जखम भरत नव्हती, त्यासाठी लातूरला खेपा चालल्या होत्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. शुगर अजून आलेली नाही, पण येण्याच्या बेतात आहे, मान काळी पडते ती त्याचीच खूण. शरीरात इन्सुलिन भरपूर आहे, पण शरीर त्याचं ऐकत नाही. "म्हणजे आमच्या घरासारखंच," मी म्हटलं. ते हसले, आमचे हे हसले नाहीत. मग डॉक्टर म्हणाले, "गोळीचं नंतर बघू. आधी चालायचं. रोज. एकदम दमाने."

मला आईची सुई नको होती. त्या थंडीत माझी एवढी एकच इच्छा होती, आणि तिच्यापायी चंद्रावर चाल म्हणाले असते तरी मी गेले असते. शिवाय 'दमाने' हा शब्द ऐकून मला हायसंच वाटलं. डोक्यावर हंडा, हातात कळशी घेऊन मी हौदावरून यायचे तेव्हा आई उंबऱ्यातून ओरडायची, "दमानं ये गं, सांडल!" दमानं म्हणजे सावकाश, जिवाला सांभाळून. जगात याचा दुसरा काही अर्थ असेल असं मला वाटलंच नव्हतं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता हे म्हणाले, "ऐकलंस ना? दम लावून चालायचं."

"दमानं म्हणाले ते. सावकाश."

"आपलं दमानं वेगळं, त्यांचं वेगळं. मी दिवसभर त्यांच्याच मुलखातल्या पोरांबरोबर काम करतो. 'दम लगा के' म्हणतात ती. डॉक्टर काय आपल्या गावचे हायत का?"

आमचे हे चाकणजवळच्या गावातले, आणि एका कंपनीत असेंब्ली लाइनवर लीडर. घरी पुण्यासारखं शुद्ध बोलतात, पण वादाला तोंड फुटलं की गाव बाहेर येतं. स्कूटरवर बसल्यावरही आमचा वाद चालूच होता. मी हेल्मेटच्या मागून ओरडत होते, ते हेल्मेटच्या आतून. शेवटी ते जिंकले, कारण स्कूटर त्यांच्या हातात होती. थेट बुटांच्या दुकानासमोर नेऊन थांबवली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही पिंपळे सौदागरच्या बाजूच्या लांबट बागेत. हे पुढे, मी मागे. सगळी थंडी मला त्यांच्या टाचाच दिसत राहिल्या. कोपर मारत जायचे, मध्येच वळून टाळ्या वाजवायचे, "चल, चल, पिकअप घे!" आजूबाजूला पिकअप घेतलेली बरीच मंडळी होती. कानात बोंडं घातलेल्या, हरणासारख्या पोरी शेजारून सूं करून जायच्या आणि त्यांच्या अत्तराचा वास मागे राहायचा. मला घाम यायचा, तोही लाजेचा वाटायचा. पोटऱ्या दगड व्हायच्या. छातीत धाप आणि डोक्यात एकच विचार, सगळे बघतायत. कुणी बघत नव्हतं. पण धाप लागलेल्या बाईला हे कोण पटवून देणार?

लेस बांधायची युक्ती मला तिथेच सापडली. अगदीच जीव घाबरा झाला की मी खाली वाकायचे आणि सुटलेली नसलेली लेस सोडून पुन्हा बांधायचे. कुणी थांबली म्हणू शकत नाही, आणि वाकल्यावर चेहराही दिसत नाही. एकदा ह्यांनी विचारलंच, "काय दोऱ्यात दोष आहे का? बूट बदलून आणू?"

मग तो रविवार. देहूरोडच्या पुढे घोरावडेश्वराची टेकडी आहे. ह्यांना वाटलं, सपाटीवर होत नाही तर चढावर दम वाढेल. खाली लष्करातली काही पोरं धावायला आली होती. ती एका लयीत गेली, बुटांचा आवाजही एकच. मी पायऱ्या चढू लागले. सुरुवातीला बरं होतं, गवत वाळून सोनेरी झालं होतं, वारा गार होता. मग पायऱ्या संपेनात. वरून हे म्हणत होते, "थांबू नको, थांबलीस की संपलं! दम लगा!" आणि मध्येच कुठेतरी मला रडू फुटलं. हुंदके देऊन. पाय दुखत होते म्हणून नव्हे, कुणी काही लागेल असं बोललं होतं असंही नाही. छाती इतकी भरून आली होती की श्वासाच्या जागेतून रडणंच बाहेर पडलं. मला वजरी आठवली. पाटावर बसून मान पुढे करायची आणि सोसायचं, कारण हे तुझ्या भल्यासाठी आहे. मी पायरीवर बसले आणि म्हणाले, "मी नाही येणार वर. आणि उद्यापासून कुठेच नाही येणार."

हे खाली आले, शेजारी बसले आणि पाण्याची बाटली पुढे केली. वाईट माणूस नव्हे हो हा. जे काम येतं त्याच रीतीने बायकोला वाचवायला निघाला होता.

एक गंमत सांगते. त्याच संध्याकाळी मला फार छान वाटत होतं. भाकरी थापताना मी गुणगुणत होते. अंग हलकं, डोकं धुतल्यासारखं, रात्री झोपही गाढ लागली. म्हणजे त्या पायऱ्यांनी मला काहीतरी दिलं होतं. पण सकाळी गजर वाजला तेव्हा मनाने संध्याकाळ दाखवली नाही, पायऱ्याच दाखवल्या. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. मनाचा हा हिशेब मला अजूनही कळत नाही. इतकं सुख मिळूनही ते धाप तेवढी लक्षात ठेवतं, आणि त्या धापेच्या भीतीने दाराशी ठेवलेल्या बुटांकडे बघवत नाही. चालायचा कंटाळा म्हणतात तो मला कधी आलाच नव्हता. मला चालण्याचं भय बसलं होतं.

मग डोकं दुखायला लागलं. मग कंबर. मग पहिली शिफ्ट. कारणं काढण्यात माझा हात कुणी धरला नसता. हे दोन-तीनदा म्हणाले आणि मग म्हणायचे थांबले, आणि ते थांबले तेव्हा मात्र मी घाबरले. बुटांवर धूळ बसली. रोज रिंगा तपासताना माझा हात पोटाकडे जायचा, आई सुई टोचते तिथे.

अशात एका दुपारी आईचा फोन आला. तिच्या पायाची पट्टी बदलून ती नुकतीच घरी आली होती. "काय करायलीस गं?" मी सगळं सांगितलं, टेकडी, रडू, बूट. मानेचं मात्र सांगितलं नाही. ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही, ती उगाच जिवाला लावून घेत बसली असती.

आई म्हणाली, "पळायलीस कशाला पण? कुणाची गाडी चुकायलीय का? दमानं चाल की माय. चालून तर बघ दमानं."

तिला व्यायामातलं काही कळत नव्हतं. तिने पाणी आणताना म्हणायची तेच म्हटलं होतं. पण फोन ठेवल्यावर मी बूट झटकले.

संध्याकाळी एकटीच खाली उतरले. बागेत गेलेच नाही, सोसायटीच्या मागच्या रस्त्याने निघाले. उसाच्या रसवाल्याचा चरक थंडीमुळे बंद होता, शेजारच्या गाडीवर बटाटेवडे तळत होते, आणि त्या वासातून सुखरूप पार होणं हाच खरा व्यायाम होता. मी वाणसामान आणायला जाते त्या चालीने चालले. थोडी घाई, पण जिवाला सोसेल इतकी. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या सावंत वहिनी भेटल्या. मूळच्या मालवणच्या, बोलायला लागल्या की त्यांना पूर्णविराम ठाऊक नाही. "अगो, थांब, मी पण येतंय," म्हणून त्या चपलेवरच निघाल्या, आणि मग रोज. सून, मासळीचे भाव, गावचा गणपती. मी हुंकार द्यायचे, कधी माझंही एखादं रडगाणं लावायचे. वहिनींच्या नादात पाय उचलले की धाप वाढायची, आणि माझं वाक्य मध्येच तुटलं की आम्ही दोघी आपोआप हळू व्हायचो. तेच आमचं माप.

ह्यांच्या लाइनवर बोल्ट आवळायचा एक पाना असतो. ठरलेला ताण आला की तो टिक् करतो. त्यापुढे आवळलं तर आटे जातात आणि बोल्ट कामातून जातो, हे त्यांनीच मला लग्नानंतर कौतुकाने सांगितलं होतं. एकदा जेवताना मी म्हटलं, "बोल्टला टिक् असते, मग मला नको का?" ह्यांनी घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. पटलं बहुतेक, पण पटलं असं म्हणणं आमच्यात नाही. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना गॅलरीतून बघून हे वरूनच ओरडले, "हे चालणं हाय का वरात?"

वरात तर वरात. ती रोज निघत होती. संक्रांतीच्या वाणाच्या पिशव्या हातात घेऊन निघाली, कुणाच्या बारशाला जाता जाता निघाली. आणि मला एक दिवस कळलं की संध्याकाळ व्हायला लागली की मी घड्याळाकडे बघते, शाळेत असताना मधल्या सुट्टीसाठी बघायचे तशी. अंगाकडून मला काहीतरी आवडण्यासारखं मिळत होतं. माझ्या अंगाने आजवर मला लाजच आणली होती. ते माझं आहे, माझ्याशी बोलतं, पुरे म्हणतं आणि अजून थोडं असंही म्हणतं, हे नवीन होतं. मी खूश होते, अगदी उघड खूश.

उन्हं तापू लागली तेव्हा पुन्हा रक्त तपासलं. आकडे उतरले होते. फार नाही, पण उतरले होते. डॉक्टर म्हणाले, "वा ताई! म्हणजे दमाने चाललात!"

"हो," मी म्हटलं, "अगदी सावकाश."

"सावकाश?" ते गोंधळले. "नाही नाही, दमाने. दम से. जोर लावून."

शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांनी खुर्चीतच ताठ होत माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. सबंध थंडीचा वाद त्या एका क्षणात त्यांनी जिंकला होता. शब्दाच्या बाबतीत हे बरोबर होते, माझ्या बाबतीत नव्हते. डॉक्टरांना आमच्या दमानंचा अर्थ सांगितला तेव्हा ते इतके हसले की बाहेरच्या पेशंटने आत डोकावून पाहिलं. मग जरा विचार करून म्हणाले, "तुमच्यासारख्या शरीराला तोच रस्ता इतरांपेक्षा जास्त चढाचा पडतो, ताई. मी जोर म्हणालो, तो तुमच्या मापाचा असायला पाहिजे होता. चला, तुमचंच दमाने चांगलं. आता त्यात माझं थोडं थोडं मिसळा."

मिसळलं मीही, पण माझ्या मनाने. पुढच्या थंडीत एकदा बस सुटायच्या बेतात होती आणि मी चक्क धावले. पदर कमरेला खोचून चौकातून, सगळ्या माकडटोप्यांच्या देखत. चढले तेव्हा तीच धाप होती, तेच छातीतलं धडधडणं, पण मला हसू येत होतं. धावायचं मी ठरवलं होतं आणि थांबायचंही माझ्याच हातात होतं.

आई आता नाही. तिच्या पायाने तिला शेवटी फार छळलं. मला अजून सुई लागलेली नाही. पुढचं पुढे.

आणि आता ही थंडी. ट्रंकेतून मी या खेपेला दोन स्वेटर काढले, कारण ह्यांच्या कंपनीच्या तपासणीत ह्यांचा कागद तसाच आला आहे. शुगर नाही, पण बेतात. सगळ्या घराला दम लावायला सांगणारा माणूस कागद हातात घेऊन दोन दिवस बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी मला न उठवता बूट घालून निघाला. मी शाल ओढून मागोमाग गेले.

बागेत धुकं होतं. हे सुटलेच, कोपर मारत, चेहरा करारी, लाइनवर मागे पडलेलं काम भरून काढायचं असल्यासारखे. मी माझ्या चालीने मागे. त्याच टाचा पुन्हा माझ्यापुढे, फक्त आता जरा बाहेरच्या बाजूला झिजलेल्या. एक फेरी झाली. दुसरीत टाचा जड झाल्या. शेजारून दोन पोरं पळत गेली तेव्हा ह्यांनी जोर वाढवला, आणि पुढच्या बाकापाशी अचानक खाली वाकले.

मी जवळ पोचले. हे लेस बांधत होते. लेस सुटलेली नव्हती.

"तू हो पुढं," खाली बघतच म्हणाले, "माझी लेस सुटलीय."

मी पुढे गेले नाही. बाकावर बसले. त्यांची पाठ धापेने वरखाली होत होती, आणि माकडटोपीच्या खाली मानेची काळी रेघ दिसत होती. इतकी वर्षं मी माझीच मान बघत आले, ही मला कशी दिसली नाही? मला भडभडून आलं. या माणसाने कधी कुणाला दाखवलं नसेल असं काहीतरी मला दिसत होतं, आणि ते मला तळहातासारखं माहीत होतं.

तोंड वर न करता हे म्हणाले, "न्हाई व्हायचं आपल्याच्यानं."

"दमानं घ्या," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. डोळे लाल होते, थंडीने म्हणायचे. मग त्याही अवस्थेत त्यांच्यातला वाद घालणारा जागा झाला. धापा टाकत म्हणाले, "कुणाचं दमानं? डॉक्टरचं का तुझं?"

"माझ्या आईचं."

हे माझा हात धरून उठले आणि आम्ही निघालो. मग कितीतरी वेळाने माझ्या लक्षात आलं, मला त्यांच्या टाचा दिसत नव्हत्या.